दोन वळणांची सुई

"काय करतंस गो हल्ली?" असं गावी, बुरोंडीत कुणी विचारलं की गुणवंती "सुया बनवते" म्हणायची, आणि विचारणारीला लगेच घरातलं उसवलेलं काहीबाही आठवायचं. एका मावशीने तर पुढच्या खेपेला गोधडीच्या दोन जाड सुया आणायला सांगितल्या होत्या. गुणवंतीने हसून मान हलवली. आपली सुई पापणीच्या केसाएवढी असते आणि ती जमिनीवर पडली तर झाडूनही सापडत नाही, हे मावशीला सांगून पटलं नसतं.

रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत तिचा आणि केतनचा छोटासा कारखाना होता. दोघं इंजिनियरिंगला एका बाकावरचे. केतनने मशीनं सांभाळायची आणि गुणवंतीने सुईचा आकार ठरवायचा, अशी वाटणी पहिल्यापासूनची. हातापायाच्या जखमा शिवायच्या साध्या सुया ते बरीच वर्षं बनवत होते आणि कारखाना त्यावर बरा चालला होता. पण मध्येच गुणवंतीच्या डोक्यात डोळ्याची सुई शिरली, आणि तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं केतनच्याच काय, तिच्या बापाच्याही हातात नव्हतं.

शिरवली होती डॉक्टर मनिषांनी. त्या रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करायच्या. एकदा साध्या सुयांचा डबा द्यायला गेलेल्या गुणवंतीला त्यांनी बसवून घेतलं.

"माणसं डोळा फाडून घेऊन येतात गं," त्या म्हणाल्या. "कुणाला मासेमारीचा गळ लागलेला, कुणाला काजूची फांदी, कुणाच्या डोळ्यात लाकूड फोडताना ढलपी उडालेली. मधोमध फाटलं असेल तर मी शिवते. पण बुबुळावरचा तो काचेसारखा पडदा असतो ना, कॉर्निया, त्याच्या कडेला फाटलं की माझी पंचाईत होते."

"का?"

"टाका खोल हवा आणि आखूडही हवा. वरवरचा टाका घातला तर आतून जखम उघडी राहते आणि डोळ्यातलं पाणी गळतं. लांब टाका घातला तर पडदा चुणतो आणि पेशंटला आयुष्यभर वाकडं दिसतं. बाजारातली सुई एक साधते, दुसरं साधत नाही. मी कशीबशी निभावते. राजापूरचे आठल्ये डॉक्टर तर अशा पेशंटला पट्टी बांधून थेट मुंबईला पाठवतात. काही डोळे वाटेतच रिकामे होतात."

वाटेतच डोळा रिकामा होतो, हे ऐकून गुणवंतीला आपलं गाव आठवलं. तिच्या गावात गळाने डोळा गेलेली माणसं होती. लहानपणी ती त्यांना एकडोळ्या म्हणून हाका मारायची, आणि ते डोळे वाचले असते असं तिला तोवर कधी वाटलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिने तो विषय सोडला नाही.

कॉर्निया केळीच्या खांबासारखा पदरांचा असतो. त्यात सुई वर किंवा खाली कापत गेली तर पदर फाटतात, म्हणून डोळ्याची सुई पोटाला चपटी आणि फक्त दोन्ही कडांना धारदार असते. पदरांच्या मधून ती आडवी सरकते. एवढं जगाला ठाऊक होतंच. गुणवंतीने त्यात आपलं डोकं घातलं ते वळणात. बाजारात मिळणाऱ्या सुईला टोकापासून शेपटीपर्यंत एकच वळण होतं. तिने दोन दिली. टोकाशी घट्ट वळण, म्हणजे सुई शिरताच खोल जाईल आणि जवळच बाहेर येईल. मागे सैल वळण, म्हणजे डॉक्टरच्या चिमट्यात ती धरायला सोपी जाईल. कागदावर हे एका संध्याकाळी जमलं, पोलादात जमायला दीड पावसाळा गेला. केसाएवढी तार एका अंगाने दाबायची, दोन ठिकाणी वाकवायची, आणि ती मोडू द्यायची नाही. तार मोडायची. केतन कपाळाला हात लावायचा. गुणवंती दुसरी तार घ्यायची.

शेवटी जमलं. कारखान्यात एक यंत्र होतं, पातळ पापुद्र्यातून सुई ढकलून तिला किती जोर लागतो ते सांगणारं. केतनने डब्यातून येतील तशा सुया उचलून त्यात लावल्या. सुया लोण्यातून जाव्यात तशा गेल्या. केतनने एवढ्यानेच पेढे आणायचं काढलं, तेव्हा गुणवंतीने त्याला दटावलं.

"आधी मॅडमच्या हातात जाऊ दे. मी एकेक सुई निवडून नेणार आहे."

आणि तिने निवडल्या. मन लावून, भिंगाखाली धरून, चाळीतल्या बायका तांदूळ निवडतात तशा निवडल्या. हौसाकाकीने त्या फोमच्या पट्टीवर ओळीने खोचून पाकिटात भरल्या. हौसाकाकी मिऱ्या गावची, घर मासे मारणाऱ्या खारव्यांचं, आणि कारखान्यात सगळ्यांत जुनी. तिची बोटं जाड होती, पण काम असं की पाकीट उघडणाऱ्याने बघत राहावं.

दवाखान्यात डॉक्टर मनिषांनी बाजारातून बोकडाचे डोळे मागवून ठेवले होते. माणसाच्या डोळ्याला हात लावण्याआधी सुई तिथे चालवून बघायची असते. एका डोळ्याला त्यांनी कडेशी चीर दिली, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि पहिली सुई टोचली.

सुई अडली. त्यांनी जरा जोर दिला, तर पडदाच दबला आणि चिरेचं तोंड वासलं. दुसरी सुई घेतली, तीही अडली. तिसरीने तर पदर ओढत नेला. गुणवंती बाजूला उभी राहून सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या टीव्हीवर सगळं बघत होती.

"आकार सुरेख आहे," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता यायचं नाही, म्हणून त्या थांबून थांबून बोलत होत्या. "पण शिरतच नाहीये गं. टोक धरतंय. पुढच्या रविवारी मी जिल्ह्यातल्या सगळ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना इथे बोलावलंय. आठल्येही येणार आहेत. आता काय करायचं ते तू ठरव. ते एकदा नाही म्हणाले की दुसऱ्यांदा बघायला यायचे नाहीत."

"मी एकेक तपासून आणली होती मॅडम," गुणवंती म्हणाली. उरलेलं पाकीट तिने पर्समध्ये टाकलं आणि स्कूटर कुठे लावली होती तेच तिला आठवेना.

कारखान्यात केतनने सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर बोटं वाजवली.

"बघ गुणे, यंत्र सुई सरळ ढकलतं. डॉक्टरचा हात ती वळवत नेतो. यंत्रात जाते आणि हातात अडते, याचा अर्थ एकच. दोष तुझ्या वळणात आहे."

"वळणात दोष नाही."

"मग कशात आहे ते सांग. रविवारी आपण एका वळणाची सुई दाखवू. बाजारातल्यासारखी. निदान अब्रू तरी राहील."

एका वळणाची सुई दाखवायची म्हणजे दीड पावसाळा पाण्यात. आणि राजापूरचे पेशंट पुन्हा मुंबईच्या वाटेवर. गुणवंतीला केतनचं म्हणणं खोडून काढता येईना आणि मान्यही करवेना, आणि माणूस असा कोंडीत सापडला की राग दुबळ्यावर निघतो. ती तरातरा पॅकिंगच्या खोलीत गेली आणि मशीनवरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशी ओरडली.

"हौसाकाकी, फोममध्ये खोचताना टोकं दाबलीस तू. सगळा माल बोथट झाला."

हौसाकाकी तिच्याकडे बघत राहिली. "मी?"

"दुसरं कोण हात लावतं?"

"बरं हां," हौसाकाकी म्हणाली. तिने हातातलं पाकीट पूर्ण केलं, डोक्याची टोपी काढून खुंटीला लावली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पॅकिंगच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवून केतन रिकामी खुर्ची गुणवंतीला दिसेल अशी व्यवस्था करत होता.

आता वळणाचा निकाल लावायचा तर आधी अडलेल्या सुयांची टोकं बघायला हवी होती. शुक्रवारी सकाळी गुणवंतीने दवाखान्यातून परत आणलेलं पाकीट उघडून सुया एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. टोकं वळलेली होती. मोडलेली नव्हती, पण अगदी शेंड्याला आकडा आल्यासारखी. आणि सगळी डावीकडे. डॉक्टरांनी वापरलेलीही डावीकडे, न वापरलेलीही डावीकडे.

न वापरलेलीही! गुणवंती ताठ बसली. जी सुई डोळ्याला लागलीच नाही ती डोळ्यात अडून कशी वाकेल? म्हणजे वाकडी होऊनच ती दवाखान्यात गेली होती. वळण सुटलं होतं या आरोपातून. तिने केतनला हाक मारली.

"हा घे डबा. यातली कुठलीही काढ."

केतनने काढली, बघितली. टोक सरळ, लख्ख. गुणवंतीने तीच सुई फोममध्ये हौसाकाकीसारखी खोचली, काढली, पुन्हा खोचली, पुन्हा काढली. टोक सरळ. ते बघून तिचे कान गरम झाले. हौसाकाकीचा काही संबंध नव्हता.

"मग डबा आणि फोम यांच्या मधे काय होतं?" केतनने विचारलं.

"काही नाही. मी निवडते आणि काकीकडे देते."

"कशी निवडतेस? करून दाखव."

"त्यात दाखवायचं काय? ही बघ." तिने चिमट्याने सुई उचलली, भिंगाखाली फिरवली, होकारार्थी मान हलवली आणि त्याच्या हातात दिली. केतनने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बघितलं. मग डोळे पुसून पुन्हा बघितलं.

"वाकडी आहे."

"वेडा आहेस का? आत्ता तर सरळ होती."

"गुणे, तू मधे काय केलंस?"

"काही नाही केलं!"

"केलंस. सुई अंगठ्यावर ओढलीस."

गुणवंतीने आपला डावा अंगठा डोळ्यांसमोर धरला. नखावर पांढऱ्या बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, सगळ्या उजवीकडून डावीकडे गेलेल्या.

तिचा बाप शिवा बुरोंडीला होडीवर जायचा. गळ दोरीला बांधण्याआधी तो प्रत्येक गळ अंगठ्याच्या नखावर ओढायचा. गळ नखात रुतला तर धार आहे, घसरला तर घासायला टाकायचा. आजा तसंच करायचा, चुलते तसंच करायचे, आणि गुणवंती बोलायला लागण्याआधी ते शिकली होती. तिला ते आपण करतो हेसुद्धा कळत नव्हतं, जसं चालताना पाय टाकतो ते कळत नाही. गळाचं टोक नखाला काय दाद देणार? पण पापणीच्या केसाएवढ्या सुईला नख म्हणजे कातळ. डब्यातली येईल ती सुई उचलली तर सरळ, आणि गुणवंतीने मायेने निवडलेली प्रत्येक सुई वाकडी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिच्या पोटातून हसू फुटलं आणि थांबेचना. केतनही हसायला लागला. दोघं हसत सुटले तेव्हा मशीनवरची माणसं काम सोडून दारात जमा झाली.

हसू ओसरलं तशी तिला रिकामी खुर्ची आठवली. ती तशीच स्कूटर काढून मिऱ्याला गेली. हौसाकाकी ओटीवर बसून बांगडे कापत होती. तिने वर बघितलं नाही.

"काकी, चूक माझी होती. तू काही केलं नव्हतंस. मी न बघता तुझ्यावर आळ घेतला." गुणवंतीने अंगठा पुढे केला आणि सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही.

हौसाकाकीने विळीवरचा हात थांबवून अंगठा निरखला. मग ती गुणवंतीकडे असं बघायला लागली, जसं काही खुळी पोर हीच आहे.

"मग त्यात चुकलं काय तुजं? धार नखावर नाय बघायची तं काय कपालावर बघायची?"

"अगं काकी, त्यानेच तर टोक वाकलं!"

"तं सुई कच्ची तुजी. आमच्या म्हाताऱ्याचा गळ कदी वाकला नाय."

"काकी!"

"बरं बरं." हौसाकाकीच्या तोंडावर हसू आलं होतं, पण ती ते सहजासहजी देणार नव्हती. "माज्यावर वरडलीस ते मातर चुकलं. ते चार मानसांत बोललीस, तं माफी पन चार मानसांत माग. उद्या येतंय मी. आता जेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतीने सगळ्या कारखान्यासमोर माफी मागितली, नखाच्या रेघांसकट. दुपारी डॉक्टर मनिषांना फोन केला. पलीकडून आधी "अगं बाई!" आलं आणि मग इतका वेळ हसणं आलं की गुणवंतीने फोन कानापासून लांब धरला. रविवारच्या सुया डब्यातून थेट हौसाकाकीकडे गेल्या. गुणवंतीने त्यांना भिंगाखाली बघितलं आणि हात मागे बांधून घेतले.

रविवारी ती दवाखान्यात गेली ती डाव्या अंगठ्याला जाड पट्टी गुंडाळून.

"हाताला काय लागलं?" डॉक्टर मनिषांनी विचारलं.

"लागलं नाही मॅडम. खोड बांधून ठेवलीय."

जिल्ह्यातले डॉक्टर जमले होते. चिपळूणचे, खेडचे, दापोलीची एक तरुण डॉक्टरीण, आणि मागे खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले राजापूरचे डॉक्टर विनीत आठल्ये. केस पिकलेले, चेहरा असा की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असंच वाटावं.

"स्थानिक माल का?" त्यांनी विचारलं. "सुया जपानने कराव्यात, आपण कोकमं सुकवावीत."

कुणीतरी हसलं. गुणवंतीला उत्तर सुचलं होतं, पण तिने ते गिळलं. आज बोलायचं ते सुईने.

डॉक्टर मनिषांनी बोकडाच्या डोळ्याला अगदी कडेशी चीर दिली, तीही कोपरा असलेली, सगळ्यांत वाईट. दोन वळणांची सुई चिमट्यात धरली आणि टोचली. सुई शिरली. टीव्हीवर सगळ्यांना दिसलं, कॉर्निया दबला नाही, चिरेचं तोंड वासलं नाही. टोक खोल गेलं, खालून वळलं आणि हाताशीच वर आलं. दुसरा टाका. तिसरा. 

मग डॉक्टरांनी जखमेवर रंगाचा थेंब टाकला आणि निळा दिवा लावला. पाणी गळत असेल तर त्या रंगातून हिरवा ओहोळ उतरतो. ओहोळ उतरला नाही. डोळा पाणी भरून टणक झाला होता आणि जखम मिटलेली होती.

"दाबा," मागून आठल्ये म्हणाले. डॉक्टर मनिषांनी कापसाच्या काडीने दाबलं. काही नाही. "असं नाही," आठल्ये उठले, "सरका जरा." त्यांनी स्वतः दाबलं, जोरात, जणू त्या डोळ्याशी त्यांचं जुनं वैर होतं. जखम हलली नाही.

"दुसरा डोळा द्या," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "आणि सुई."

त्यांचा हात सावकाश होता. अशा कडेच्या जखमेत त्यांना तीनतीनदा टोचावं लागायचं आणि प्रत्येक टोचणं म्हणजे नवं भोक, म्हणून तर ते पेशंट मुंबईला धाडायचे. आता त्यांनी एकदा टोचलं. सुई जिथून यायला हवी तिथून आली. त्यांनी पुढचा टाका घातला, मग पुढचा. चीर मिटल्यावरही ते सूक्ष्मदर्शकावरून उठले नाहीत.

"टाके घालताना हातात सुई आहे हेच मी विसरलो," ते म्हणाले. मग गुणवंतीकडे वळून, आवाज तसाच खडा ठेवून, "परवाना कधी येतोय? पहिला डबा राजापूरला. आधी मी सांगितलंय, लक्षात ठेवा."

"असं कसं? दवाखाना माझा, बोकड माझा!" डॉक्टर मनिषा म्हणाल्या. दापोलीच्या डॉक्टरिणीने तोवर उरलेल्या पाकिटावर हात ठेवलेला होता. चिपळूणचे डॉक्टर तिला ते सोडायला सांगत होते. भलीमोठी शिकलेली माणसं, आणि केसाएवढ्या सुईसाठी पोरांसारखी भांडत होती. गुणवंती कोपऱ्यात उभी राहून तो सोहळा डोळे भरून बघत होती. आपण जिंकलो, असं तिने मनातल्या मनात म्हटलं, आणि कधी नव्हे तो तिला या शब्दाचा संकोच वाटला नाही.

परवान्याला सरकारी वेळ लागायचा तेवढा लागला. तपासण्या झाल्या, कागद गेले, आले, पुन्हा गेले. काजूचा हंगाम ऐन भरात होता तेव्हा पहिला डबा एसटीच्या पार्सलने राजापूरला रवाना झाला. नंतर बरेच दिवस तिकडून काही कळलं नाही, आणि केतनने "आठल्ये विसरले बहुतेक" असं म्हणून बघितलं.

एका दुपारी जेवणाची सुट्टी चालू असताना गुणवंतीचा फोन वाजला. आठल्ये होते. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तुळसा नावाची बाई आहे. काजू काढताना फांदी डोळ्यात गेली. अगदी कडेला फाटलं होतं. तिच्या मुलाने मुंबईला न्यायला गाडी पण सांगितली होती."

"मग?" गुणवंतीचा घास हातातच राहिला.

"मी गाडी परत पाठवली. इथेच शिवलं. आज पट्टी काढली. पाणी गळत नाही." ते थांबले. त्यांचा खडा आवाज पहिल्यांदाच जरा अडखळला. "बाई दुसरा डोळा हाताने झाकून खिडकीतून बघत बसलीय आणि बाहेर कोण कोण जातंय ते मला नावानिशी सांगतेय. ऐका." त्यांनी फोन पुढे धरला असावा. लांबून एका बाईचा ठसठशीत आवाज आला, "तो बगा रघू चाललाय, बिनचपलेचा!"

गुणवंतीने फोन कानाला तसाच दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांना खुणेने जवळ बोलावलं.